समुद्र साक्ष ठेवीत नाही

जमिनीवरच्या पवनचक्कीच्या पात्यावर आदळून एखादी घार किंवा एखादा गरुड मेला, तर त्याचे कलेवर मनोऱ्याच्या पायथ्याशी पडते. नेमलेली माणसे ठरावीक मुदतीने त्या परिसरात फिरतात, वासावरून माग काढणारी कुत्री कधी बरोबर नेतात, सापडलेल्या पिसापिसाची नोंद करतात, कोल्ह्याकावळ्यांनी आधीच किती कलेवरे ओढून नेली असतील याचा अदमास घेऊन आकडा दुरुस्त करतात, आणि वर्षअखेरीस त्या पवनचक्कीच्या खाती किती मृत्यू जमा झाले हे निदान ढोबळमानाने तरी सांगता येते. समुद्रात यांपैकी काहीच घडत नाही. किनाऱ्यापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, धुक्याच्या रात्री, ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या टोकाचा तडाखा बसलेला पक्षी लाटेत पडतो, आणि लाटा, प्रवाह व मासे मिळून त्याचा मागमूस पुसून टाकतात. समुद्रातील पवनचक्क्यांचा सागरी पक्ष्यांवर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न गेली तीन दशके युरोपातील पक्षिशास्त्रज्ञांना पडला आहे; त्याचे सारे काठिण्य या एका गोष्टीत आहे की, जिथे घटना घडते तिथे तिचा पुरावा उरत नाही.

१९९१ साली डेन्मार्कने लोलंड बेटाच्या किनाऱ्यालगत विंडेबी येथे अकरा पवनचक्क्या उभारून या पर्वाचा आरंभ केला. तो पहिला प्रकल्प आपले आयुष्य पुरे करून २०१७ साली मोडण्यातही आला. मात्र त्याने दाखविलेल्या वाटेवर ब्रिटन, जर्मनी, नेदरलंड्स, बेल्जियम ही राष्ट्रे इतक्या वेगाने पुढे गेली आहेत की, उत्तर समुद्राचे कित्येक विभाग आज मनोऱ्यांच्या रांगांनी व्यापले आहेत. हे घडू नये असे मला मुळीच वाटत नाही. कोळसा जाळून आपण जे हवामान बिघडविले त्याचे चटके सागरी पक्ष्यांनाही बसतच आहेत. उत्तर समुद्रातील किटिवेक नावाचा देखणा कुरव ज्या बारीक वाळूमाशांवर आपली पिले पोसतो, ते मासे तापलेल्या पाण्यामुळे आणि बेसुमार मासेमारीमुळे दुर्मीळ होत गेले आणि २०१७ साली जागतिक सूचीत हा पक्षी संकटग्रस्त जातींत नोंदला गेला. तेव्हा वाऱ्याची वीज आणि पक्षी यांना एकमेकांचे वैरी ठरवून एकाची बाजू घेणे हा विचार उथळ होय. माझे म्हणणे निराळे आहे, आणि आपल्या देशाने हीच वाट धरण्याचे ठरविले असल्यामुळे ते आताच मांडणे अगत्याचे वाटते: पक्ष्यांचे निरीक्षण हे मंजुरीच्या कागदाला जोडावयाचे एक मामुली परिशिष्ट न राहता, मनोरे उभे राहण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेले, मनोरे फिरू लागल्यानंतरही चालणारे, आणि मुख्य म्हणजे प्रकल्पाचा निर्णय बदलण्याचा अधिकार असलेले काम झाले पाहिजे.

या कामाला बुद्धी किती लागते याचे उत्तम उदाहरण डेन्मार्कनेच घालून दिले. २००२ साली हॉर्न्स रेव्ह येथे ऐंशी आणि पुढील वर्षी बाल्टिक समुद्राच्या तोंडाशी नायस्टेड येथे बहात्तर पवनचक्क्या उभ्या राहिल्या; नायस्टेडची जागा अशी की, दर शरद ऋतूत लाखो आयडर बदके तिथून स्थलांतर करीत जातात. मार्क डेशोल्म आणि जॉनी काह्लर्ट या संशोधकांनी रडारच्या पडद्यावर या थव्यांच्या वाटा रेघारेघांनी टिपल्या, आणि २००५ साली त्यांचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो पाहून पुष्कळांचा जीव भांड्यात पडला: थवे कित्येक किलोमीटर आधीच मनोऱ्यांची रांग ओळखून दिशा बदलीत होते, आणि टक्कर होण्याइतक्या जवळून जाणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. पुढे आणखी एका अभ्यासात असे गणित मांडण्यात आले की, या वळशामुळे आयडरच्या सुमारे चौदाशे किलोमीटरच्या प्रवासात अवघ्या अर्ध्या किलोमीटरची भर पडते. वाटेत एकच प्रकल्प असेल तर ही भर नगण्य खरी. परंतु त्याच वाटेवर असे दहा-वीस प्रकल्प ओळीने आले म्हणजे वळशांची बेरीज काय होते, हा प्रश्न त्या संशोधकांनीच त्या वेळी विचारून ठेवला होता, आणि आज तो कल्पनेतला राहिलेला नाही.

पक्षी मनोऱ्यांना टाळतात, ही बातमी ऐकून हायसे वाटणे स्वाभाविक असले तरी ते टाळणेच दुसऱ्या एका, अधिक संथ आणि म्हणून अधिक दुर्लक्षित हानीचे कारण असू शकते. नुसते वाटेने जाणारे बदक वळसा घालून पुढे निघून जाते. परंतु जो पक्षी त्याच पाण्यात हिवाळा काढावयास आलेला असतो, त्याने तिथून काढता पाय घेतला म्हणजे त्याचे चरण्याचे क्षेत्रच गेले. लाल कंठाचा डायव्हर हा उत्तरेकडील तळ्यांत वीण घालून हिवाळ्यात उथळ समुद्रावर उतरणारा विलक्षण भिडस्त पक्षी. जहाज दुरून दिसले तरी तो उडून जातो. आरंभीच्या मूल्यांकनांत असे गृहीत धरले जाई की, मनोऱ्यांभोवतीचा दोन-चार किलोमीटरचा पट्टा तो सोडील आणि त्यापलीकडे पूर्ववत् राहील. जर्मनीच्या किनाऱ्यासमोर वर्षानुवर्षे विमानांतून आणि जहाजांवरून केलेल्या मोजणीने हे गृहीतक पार कोसळले. कील विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार प्रकल्पाच्या आत आणि सभोवतालच्या एक किलोमीटरच्या पट्ट्यात डायव्हरांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, आणि दहा किलोमीटरपर्यंतच्या विस्तृत क्षेत्रातही ती जवळजवळ निम्म्यावर आली. दोन किलोमीटर आणि दहा किलोमीटर यांत केवळ पाचपटीचा फरक आहे असे कोणास वाटेल. पण क्षेत्रफळाच्या हिशेबाने पाहिले तर जी हानी एका प्रकल्पाच्या उंबरठ्यापुरती समजली गेली होती, तिने अख्ख्या उपसागराचा एक मोठा तुकडा व्यापला. हे पक्षी तिथून उठून कोठे गेले, तिथे त्यांना पुरेसे अन्न मिळाले की नाही, परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी त्यांच्या अंगी साठली की नाही, या प्रश्नांची उत्तरे केवळ डोकी मोजून मिळत नाहीत. त्यासाठी एकेका पक्ष्याच्या अंगावर सूक्ष्म यंत्र बसवून त्याच्यामागे मनाने हिवाळाभर फिरावे लागते.

याच पक्ष्यामुळे टेम्स नदीच्या मुखाशी एक असा प्रसंग घडला की, निरीक्षणाला खरे वजन असले म्हणजे काय होते ते त्यावरून दिसावे. लंडन ॲरे या प्रकल्पाचा पहिला टप्पा, एकशे पंचाहत्तर पवनचक्क्यांचा आणि सहाशे तीस मेगावॉटचा, २०१३ साली पूर्ण झाला. दुसऱ्या टप्प्यास मंजुरी होती, पण शर्त अशी होती की, तिथे हिवाळा काढणाऱ्या डायव्हरांवर होणारा परिणाम सह्य आहे हे आधी दाखवून द्यावे. तेवढी सामग्री गोळा होण्यास निदान तीन वर्षे लागतील आणि तरीही उत्तर अनुकूल येईलच याची शाश्वती नाही, हे ध्यानी घेऊन कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये तो टप्पाच सोडून दिला. त्याआधी २०१२ साली नॉरफोकच्या किनाऱ्यासमोरील डॉकिंग शोल या प्रकल्पाला सँडविच टर्न या सुरय कुळातील पक्ष्याच्या हितासाठी सरकारने सरळ नकार दिला होता. दोन्ही वेळा वीज बुडाली, भांडवल अडकले, याचे दुःख मला कमी वाटत नाही. परंतु नीट पाहिले तर दोष पक्ष्यांचा नाही आणि त्यांची मोजणी मागणाऱ्यांचाही नाही. जागा आधी ठरली आणि पक्षी मागून मोजले गेले, हा क्रमच उलटा होता.

आता प्रत्यक्ष टकरीकडे वळू. केंट परगण्यासमोरच्या थॅनेट प्रकल्पात शंभर मनोरे आहेत. तिथे रडार आणि कॅमेरे एकमेकांशी जोडून, पक्षी दिसताच चित्रण सुरू होईल अशी तजवीज करून, २०१४ पासून दोन वर्षे पहारा ठेवण्यात आला. २०१८ साली जो अहवाल निघाला त्यात सहा लाखांहून अधिक चित्रफितींचा हिशेब होता. त्यांतील बारा हजारांच्या आसपास फितींत पक्षी होते, आणि टकरी आढळल्या त्या फक्त सहा. ॲबर्डीनच्या उपसागरातील अकरा पवनचक्क्यांच्या प्रकल्पात २०२० आणि २०२१ या दोन वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात असेच निरीक्षण झाले. दहा हजारांहून अधिक चित्रफिती तपासूनही एकही टक्कर दिसली नाही. गॅनेट, किटिवेक आणि इतर कुरव हे पक्षी पात्यांच्या फिरण्याचा अंदाज घेऊन अगदी शेवटच्या क्षणी अंग चोरून निसटतात, हे या चित्रणांत स्पष्ट दिसले, आणि पक्ष्यांच्या नजरेविषयी व चपळाईविषयी आपले ज्ञान त्यामुळे खरोखरच वाढले.

या आकड्यांचा आनंद मानावा, परंतु त्यांच्यावर जेवढा भार पेलवेल तेवढाच टाकावा. कॅमेरा ज्या दोन-चार मनोऱ्यांवर असतो त्यांचेच तो पाहतो. गडद रात्री आणि दाट धुक्यात तो दुबळा होतो, आणि पक्ष्यांना सर्वांत मोठा धोका असतो तो नेमका अशाच वेळी. शिवाय प्रकल्पाला मंजुरी देताना जो अंदाज वापरतात तो कॅमेऱ्यातून निघत नाही. तो गणिती प्रतिमानातून निघतो. ब्रिटनमध्ये बिल बँड यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रतिमान प्रचलित आहे: अमुक क्षेत्रातून अमुक उंचीवर इतके पक्षी इतक्या वेगाने जातात, पात्यांची लांबी आणि गती इतकी, तर काहीच न टाळता ते सरळ गेले असते तर किती आपटले असते हे आधी काढावयाचे, आणि मग टाळण्याच्या प्रमाणाने तो आकडा खाली आणावयाचा. यातली मेख अशी की, शंभरांतील अठ्ठ्याण्णव पक्षी टाळतात असे धरण्याऐवजी नव्याण्णव टाळतात असे धरले की भाकित मृत्यूंची संख्या एकदम निम्मी होते, आणि साडेनव्याण्णव धरले की चौथाई. एका टक्क्याच्या या फरकावर अब्जावधी पौंडांचे प्रकल्प आणि पक्ष्यांच्या अख्ख्या वसाहतींचे भवितव्य लोंबकळत असते. म्हणून ते प्रमाण ठरविण्यासाठी लागणारी प्रत्यक्ष निरीक्षणे कोणी केली, कोठे केली, कोणत्या ऋतूत केली आणि ती इतरांना तपासू दिली की नाही, याची चौकशी करणारा माणूस कोणाच्या कामात विघ्न आणीत नाही. हिशेबाची रुजुवात मागण्याचा त्याचा अधिकारच आहे.

थोडेसे जास्त मृत्यू झाले तर काय बिघडते, असा प्रश्न भली माणसेही विचारतात. त्याचे उत्तर सागरी पक्ष्यांच्या जीवनक्रमात आहे. चिमणी वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि अल्पायुषी असते. तिची संख्या पडली तरी ती लवकर भरून काढते. गॅनेट मात्र पाचेक वर्षांचा झाल्याखेरीज वीण घालीत नाही, वर्षाला एकच अंडे घालतो, आणि या सावकाशपणाची भरपाई दीर्घायुष्याने करतो. अशा जातीत पिले किती जगली यापेक्षा प्रौढ पक्षी किती टिकले यावर वसाहतीचे सारे अस्तित्व अवलंबून असते, आणि प्रौढांच्या वार्षिक मृत्यूंत एक-दोन टक्क्यांची जरी भर पडली तरी तिचा परिणाम वीस-तीस वर्षांनी वसाहतीवर दिसू लागतो. तितकी वर्षे कोणताही अहवाल थांबत नाही. त्यात दुसरी आपत्तीही कधी येऊन मिळते: स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थमधील बास रॉक हा २०१४ साली गॅनेटांच्या जगातील सर्वांत मोठ्या वसाहतीचा खडक होता; त्या साली तिथे पंचाहत्तर हजारांहून अधिक घरटी मोजली होती, आणि २०२२ च्या बर्ड फ्लूनंतर, २०२३ साली, ती बावन्न हजारांच्या आत आली. ज्या समुद्रात हे पक्षी मासे धरतात त्याच समुद्रात मोठे पवनप्रकल्प उभे होत आहेत. रोगापूर्वीच्या भरभराटीच्या आकड्यावर बेतलेला ‘सह्य हानी’चा हिशेब रोगानंतरच्या वसाहतीला लावता येत नाही, आणि रोगापूर्वीचा आकडाच हाती नसता तर हेही कळले नसते.

ब्रिटनकडे तो आकडा होता याचे कारण त्यांची जुनी शिस्त. किनाऱ्यावरील वसाहतींची पहिली देशव्यापी गणना त्यांनी १९६९-७० साली केली. जहाजांवर निरीक्षक बसवून भर समुद्रातील पक्ष्यांची पद्धतशीर मोजणी १९७९ पासून सुरू केली. त्यावेळी चिंता होती ती समुद्रातील तेलाची. पवनचक्क्या कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. पुढे क्राउन इस्टेट या समुद्रतळाच्या मालकीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने भाडेपट्ट्याद्वारे कंपन्यांवर असे बंधन घातले की, त्यांनी केलेल्या पाहण्यांची मूळ सामग्री मरीन डेटा एक्स्चेंज या सार्वजनिक दप्तरात जमा झाली पाहिजे. २०१३ पासून ते दप्तर कोणासही पाहावयास खुले आहे. मला या साऱ्या कहाणीत सर्वांत अनुकरणीय वाटते ती ही भाडेपट्ट्यातील अट. रडार आणि कॅमेरे पैसे टाकून विकत घेता येतात. परंतु कंपनीच्या खर्चाने झालेली मोजणी जनतेच्या मालकीची करण्यासाठी कोणीतरी करारनाम्यात ते वाक्य वेळीच लिहावे लागते.

नोंदींचा उपयोग कसा करावा याचे दोन नमुने अलीकडे दिसले. नेदरलंड्सने १३ मे २०२३ च्या रात्री बॉर्सेले आणि एग्मंड आन झे येथील पवनचक्क्या चार तासांपुरत्या जवळजवळ थांबविल्या, कारण ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांच्या प्रतिमानाने त्या रात्री स्थलांतराचा मोठा लोंढा येणार असल्याचे दोन दिवस आधी सांगितले होते. वीजपुरवठ्याचे नियोजन करणाऱ्यांनाही त्यामुळे सवड मिळाली. ब्रिटनने डिसेंबर २०२० मध्ये हॉर्नसी थ्री या प्रकल्पाला संमती देताना किटिवेकसाठी भरपाई म्हणून कृत्रिम घरट्यांचे मनोरे बांधण्याची शर्त घातली, आणि ते सफोकच्या किनाऱ्यालगत उभेही झाले. यांपैकी पहिला मार्ग मला अधिक सच्चा वाटतो. कारण तिथे नुकसान टाळले जाते, आणि दुसऱ्यात एका ठिकाणी नुकसान होऊ देऊन दुसऱ्या ठिकाणी ते भरून निघेल अशी आशा धरली जाते. ज्या पक्ष्याला घरट्याच्या जागेपेक्षा माशांचीच वाण आहे, त्याला कडा बांधून देऊन त्याचे पोट कसे भरणार?

आता आपल्याकडे. केंद्र सरकारने समुद्रातील पवनऊर्जेचे धोरण २०१५ साली जाहीर केले. गुजरात आणि तमिळनाडू यांच्या किनाऱ्यासमोर प्रत्येकी आठ विभाग निश्चित झाले. २०२३ च्या डिसेंबरात भाडेपट्ट्यांचे नियम आले, आणि जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने दोन्ही राज्यांसमोर पाचशे-पाचशे मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्याची योजना मंजूर केली. मनोरे अद्याप उभे झालेले नाहीत, आणि उत्तर समुद्राने जी गोष्ट गमावून मग तिची किंमत ओळखली ती, म्हणजे ‘आधीचा’ काळ, आपल्या हाती अजून शिल्लक आहे. खंबातच्या आखातात, पिपावावपासून सुमारे तेवीस किलोमीटरवर, वारा मोजणारे लायडार यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरातच बसविले गेले. निविदा निघण्याच्या कितीतरी आधी वाऱ्याची सलग मोजणी करणे सरकारला आवश्यक वाटले, आणि ते योग्यच होते, कारण वारा न मोजता भांडवल कोण घालील? हीच दूरदृष्टी पक्ष्यांच्या बाबतीत का नसावी? जिथे वाऱ्यासाठी फलाट उभा राहतो, तिथे पक्ष्यांसाठी एक रडार आणि काही कॅमेरे बसविण्याने त्या खर्चात फार मोठी भर पडणार नाही.

उत्तर समुद्रातील पद्धती जशाच्या तशा उचलून मात्र भागणार नाही, कारण अरबी समुद्राचा स्वभाव निराळा आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर वारा सर्वांत जोमात वाहतो तो नैर्ऋत्य मोसमी पावसात. पवनचक्क्या तेव्हाच सर्वाधिक फिरतील. दक्षिण गोलार्धात वीण घालणारे वादळपाखरू आणि शिअरवॉटर यांसारखे भर समुद्रातील पक्षी अरबी समुद्रात उतरतात तेही याच सुमारास. पावसाळ्यात मुंबई, अलिबाग, रत्नागिरीच्या वाळूवर थकून पडलेला एखादा मास्क्ड बूबी सापडल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो ती वाऱ्याच्या याच जोरामुळे. आणि याच जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, हौशी पक्षिनिरीक्षकांच्या सागरी फेऱ्या थांबलेल्या असतात. म्हणजे ज्या महिन्यांत धोका सर्वाधिक, त्याच महिन्यांत पाहणारा डोळा समुद्रावर नसतो. ऑक्टोबर ते मे या शांत महिन्यांत केलेली पाहणी कितीही काटेकोर असली तरी तिच्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. आणि ढग खाली उतरलेले असताना विमानातून छायाचित्रे घेता येत नाहीत म्हणून पावसाळा वगळला, अशी एक ओळ अहवालात टाकून मोकळे होण्याची मुभा कोणालाही असता कामा नये.

पक्षी मागून मोजण्याची किंमत आपण एकदा दिली आहे. माळढोक हा आपल्या सोलापूरच्या नान्नज माळावरचा मानकरी. त्याची उरलीसुरली वस्ती राजस्थान-गुजरातच्या माळरानांत होती, तिथेच सौर आणि पवन विजेच्या तारा पसरल्या, जड अंगाचा आणि समोरचे नीट पाहू न शकणारा हा पक्षी त्या तारांवर आपटून मरू लागला, आणि अखेर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला तारा जमिनीखाली नेण्याविषयी हुकूम द्यावा लागला. तो हुकूम अमलात आणणे किती अवघड आहे यावर पुढे पुन्हा वाद झाला. जमिनीवरील पवनप्रकल्पांचा २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेच्या परिशिष्टात समावेशच नाही, ही उणीव या इतिहासाच्या मुळाशी आहे. समुद्रातील प्रकल्पांना तीच सवलत मिळाली तर पुढे न्यायालयापुढे ठेवण्यास कलेवरदेखील असणार नाही.

महाराष्ट्रासमोर आज कोणताही विभाग आखलेला नाही म्हणून आपण स्वस्थ बसावे असे नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर ब्रायडल्ड टर्न या सुरयांची मोठी वसाहत आहे. पिले वाढल्यावर हे पक्षी समुद्रावर कोठवर पसरतात हे त्यांच्या अंगावर यंत्रे लावल्याखेरीज नेमके कळणार नाही, आणि हे काम हाती घेण्याची पात्रता असलेली, १८८३ पासून चालत आलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मुंबईतच आहे. तिच्या जोडीला किनारपट्टीवरील विद्यापीठे आणि मासे शोधताना ज्यांची नजर पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांवरच असते असे आपले कोळी बांधव यांना घेऊन, राज्य शासनाने पाच वर्षांची सागरी पक्षिगणना आखावी. केंद्राने प्रत्येक भाडेपट्ट्यात उभारणीपूर्वी निदान दोन आणि उभारणीनंतर निदान दहा वर्षांच्या निरीक्षणाची, त्यात पावसाळ्याचा अंतर्भाव करण्याची, आणि सर्व मूळ नोंदी सार्वजनिक दप्तरात भरण्याची अट घालावी. निरीक्षक कंपनीने न नेमता स्वतंत्र मंडळाने नेमावेत व त्यांचा खर्च कंपनीने त्या मंडळाकडे भरावा. आणि ठरविलेल्या मर्यादेपलीकडे हानी दिसली तर त्या हंगामात पाती थांबविण्याचा अधिकार त्याच मंडळाला करारनाम्यानेच दिलेला असावा. पुढच्या निविदेचा मसुदा तयार होत असतानाच ही कलमे त्यात गेली पाहिजेत. सह्या झाल्यानंतर ती घालण्याची ताकद उत्तर समुद्रातील धनाढ्य राष्ट्रांनाही पुरती लाभलेली नाही.